सिंधूला देव्हाऱ्यात बसवलं कुणी? गडकऱ्यांनी की आपण?

तिसरी_घंटा

परवा ‘उघडं_पुस्तक’ यांनी लिहिलं की गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकाचे प्रयोग आता बंदच करावेत. मार खाणारी, मूल जाईपर्यंत नवऱ्याचे पाय न सोडणारी आणि मरताना फौजदारापुढे खोटी जबानी देऊन त्यालाच वाचवणारी सिंधू आजच्या मुलींना दाखवायची कशाला, असा त्यांचा सवाल. खाली ‘अगदी मनातलं बोललात’ म्हणणाऱ्यांची रांग लागली. मी तिथेच उत्तर लिहायला बसले, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

नाटककाराला एखाद्या पात्राचा कळवळा आहे म्हणजे त्या पात्राने वागावं तसं आपणही वागावं, असं तो सांगतोय, हे गृहीतच मला मान्य नाही. सिंधूच्या पातिव्रत्याचा निकाल काय लागतो ते बघा ना. मूल मरतं, ती मरते, दारुडा नवरा सुधाकर विष घेतो. तिच्या तपश्चर्येने एका माणसाचंही भलं झालेलं नाही. हेच गडकरी आधीच्या ‘पुण्यप्रभाव’मध्ये वसुंधरेच्या पातिव्रत्यापुढे वृंदावनासारख्या खलपुरुषाला नमवतात. तिथे पुण्याईचा प्रभाव पडतो, इथे पडत नाही. एकाच लेखकाने काही वर्षांत स्वतःचंच म्हणणं इतकं उलटं करून दाखवलं, ते आपल्याला दिसू नये?

आणि गीता कुठे गेली? सुधाकरला दारूच्या नादी लावणाऱ्या तळीरामाची बायको. तिच्याही नशिबी दारुडाच. पण ती तोंडावर बोलते, भांडते, त्याचे वाभाडे काढते. शेवटी तळीराम मरतो आणि गीता जगते. जिने सोसलं ती गेली, जिने सुनावलं ती राहिली. हे संहितेत आहे, मी पदरचं घालत नाहीये. आपल्याला सिंधूच आठवते, कारण शंभर वर्षं आपण तिच्यासाठी रुमाल भिजवत आलोय.

उघडं_पुस्तक

माझ्याच लेखावर धागा काढलात, तर उत्तर देणं भाग आहे.

गीता जगते, कबूल. पण नाट्यगृहात ती येते तेव्हा लोक काय करतात? हसतात. नवऱ्याला सुनावणारी बाई विनोदी आणि मार खाणारी बाई पूजनीय, ही वाटणी कुणी केली? लेखकानेच केली. बाई बोलली की हशा, बाईने सोसलं की हुंदका. शेवटी कोण जिवंत राहिलं याचा हिशेब तुमच्यासारखे अभ्यासू मांडतील. घरी जाणारा प्रेक्षक सिंधूच घेऊन जातो.

माझ्या आत्याला लग्नानंतर पहिल्या वर्षीच मारहाण सुरू झाली. ती माहेरी आली, तेव्हा आजोबांनी तिला जवळ बसवलं आणि ‘कशि या त्यजू पदाला’ हे सिंधूचं पद म्हणून दाखवलं. आजोबा वाईट नव्हते, त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. दुसऱ्या दिवशी आत्याला परत पाठवली. आता ‘पुण्यप्रभाव’शी तुलना करून मला काय सांगताय?

गंधर्वभक्त

तुमच्या आत्याचं वाचून वाईट वाटलं, पण त्यात पदाचा काय दोष? ‘कशि या त्यजू’ हे मराठी नाट्यसंगीताचं वैभव आहे. 1919च्या फेब्रुवारीत गंधर्व मंडळींनी हे नाटक आणलं, तेव्हा गडकऱ्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता. तेहतीस वर्षांचं आयुष्य! त्यांना हा प्रयोग बघायला मिळाला नाही. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर, अशी जोडी पुन्हा झाली नाही. आज दोन-अडीच तासांत आटपायचं म्हणून पदं कापतात, उरलेली एका आवर्तनात गुंडाळतात. बंदी घालायचीच असेल, तर या कापाकापीवर घाला.

तिसरी_घंटा

काका, आदर ठेवून सांगते, अडचण त्या पदांतच आहे. पदं गडकऱ्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची आहेत. गडकऱ्यांचं गद्य वाचा, त्यात सिंधूची होरपळ सोललेल्या कातडीसारखी उघडी आहे. मग तिथे पद येतं, तंबोरा लागतो आणि त्या होरपळीची मैफल होते. जात्यावर बसलेली उपाशी बाई ‘घास घे रे तान्ह्या बाळा’ म्हणते आणि पिटातून वन्समोर! लेकराला द्यायला घरात घास नाही आणि आपण म्हणतो, पुन्हा एकदा भरव.

गंधर्वभक्त

वन्समोर म्हणजे निर्दयपणा, असं आज पहिल्यांदा ऐकलं. अहो, गद्य संपतं तिथे पद सुरू होतं. ती बाई कुणाजवळ बोलणार? नवरा शुद्धीत नाही, भावाची मदत घ्यायची नाही. तिच्या मनातलं आपल्यापर्यंत पोचतं ते सुरांमुळे. आणि त्यातल्या कित्येक चाली गायिका सुंदराबाई जाधवांकडून आलेल्या आहेत, हेही ध्यानात ठेवा. एका बाईच्या गळ्यातून ते दुःख आलंय.

तालीम_सात_वाजता

मी हौशी संस्थेत दिग्दर्शन करतो. काकांचं अर्धं म्हणणं खरं आहे. पदं काढून सलग गद्य प्रयोग केला तर तिसऱ्या अंकापासून प्रेक्षक गुदमरतो, श्वास घ्यायला जागाच राहत नाही. पण पद संपल्यावर टाळ्यांसाठी थांबणारी नटी बघितली की मला हात जोडावेसे वाटतात. सूर खाली आला की तिने परत जात्याचा खुंटा धरायला हवा, हात थांबता कामा नयेत. आमच्या तालमीत त्यावरून मोठं भांडण झालं होतं. गाणारी म्हणाली, दळताना खालचा खर्ज लागत नाही. मी म्हटलं, नको लागू दे.

गंधर्वभक्त

खर्ज नको लागू दे? मग संगीत नाटक कशाला करता? पथनाट्य करा. गाता येत नाही त्यांनी न गाण्याचं तत्त्वज्ञान केलं आणि संगीत रंगभूमीची ही अवस्था झाली. आमच्या गावात रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटे सुटायचं आणि लोक पदं गुणगुणत घरी जायचे. तुमच्या प्रयोगातून लोक काय गुणगुणत जातात?

वरोऱ्याचा

खर्ज आणि वन्समोर चालू द्या. इथे दारूबद्दल कुणी बोलणार आहे का? नाटकाचं नाव ‘एकच प्याला’ आहे, ‘एकच सिंधू’ नाही.

आमचा चंद्रपूर जिल्हा. 2015ला दारूबंदी झाली, 2021ला उठवली. शेजारी गडचिरोलीत 1993पासून बंदी आहे. ती मागायला रस्त्यावर कोण उतरलं होतं? बायका. ‘बाटली आडवी’च्या, म्हणजे दारूबंदीच्या मतदानाला रांगा लावणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या कित्येक घरी मार खात होत्या आणि बाहेर येऊन घोषणा देत होत्या. सिंधू आणि गीता एकाच बाईत असतात. तुम्ही पुण्या-मुंबईत बसून त्यांच्या दोन पार्ट्या करता.

आणि सुधाकरचं भाषण कुणीच काढलं नाही, तो मित्राला, रामलालला, दारूच्या एकेक पायऱ्या समजावतो ते. माझा मोठा भाऊ तसाच गेला. मधे दारू सोडली, कामासाठी दारोदार फिरला, सगळीकडून हाकलला गेला आणि संध्याकाळी परत गुत्त्यावर. चौथ्या अंकातला सुधाकर मी घरात बघितलाय.

उघडं_पुस्तक

भावाबद्दल वाईट वाटलं. तरी बोलते. दारू नंतर आली. सुधाकर पडतो तो कोर्टात अपमान होऊन वकिलीची सनद काही काळ रद्द झाल्यावर. सहा महिन्यांचा प्रश्न होता. बुद्धिमान पुरुषाचा अहंकार दुखावला, त्याची भरपाई बायको आणि मूल करणार, आणि आपण सगळा दोष पेल्यावर ढकलणार. तळीरामही हातात सापडतोच, ‘त्याने नादी लावलं’ म्हणायला. दारुड्याला स्वतःलाच जबाबदार धरायचं नाही, ही सोय या नाटकाने महाराष्ट्राला करून दिली.

वरोऱ्याचा

ज्याच्या घरात दारुडा नसतो, त्याला जबाबदारीची भाषा फार सुचते.

उघडं_पुस्तक

माझ्या घरात काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. जपून बोला.

पांढरा_कोट_नाही

भांडण थोडं बाजूला ठेवा. मी परिचारिका होते, निवृत्त झाले. बरीच वर्षं एका सरकारी रुग्णालयाच्या जळीत वॉर्डात काढली. तुम्ही सगळे जबानीच्या प्रवेशावरून पटकन पुढे सरकलात, म्हणून लिहिते.

मृत्युपूर्व जबाब घ्यायला नायब तहसीलदार यायचे. आधी डॉक्टर लिहून द्यायचे, की पेशंट शुद्धीवर आहे, बोलू शकते. नातेवाइकांना बाहेर काढायचं, दार लावायचं. मग प्रश्न. हाताची बोटं जळलेली असली तर पायाच्या अंगठ्याला शाई लावून ठसा घ्यायचा. शाईचा तो पॅड मी धरलेला आहे. आणि ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय, की पुढे स्टोव्ह हा शब्द यायच्या आधीच मला कळायचं. साहेबांनाही कळायचं. पण ती सांगेल तेच लिहायचं. कायद्यात सासरच्या छळाविरुद्धचं कलम 498अ आलं 1983मध्ये, ते वाक्य त्यानंतरही ऐकू येत राहिलं.

म्हणून सिंधू खोटी आहे, कालबाह्य आहे असं कुणी म्हटलं की मी गप्प बसू शकत नाही. पण तिसरी_घंटाताई, तुमच्याशीही माझं पटत नाही. आमच्याकडच्या बायका खोटं का बोलायच्या? दाराबाहेर सासूच्या कडेवर लेकरू असायचं. मी मेल्यावर त्याला याच घरात वाढायचंय, बाप तुरुंगात गेला तर त्याला कोण बघणार, हा हिशेब त्यांच्या डोळ्यांत दिसायचा. त्याला पातिव्रत्य म्हणत नाहीत. सिंधूचं मूल तर आधीच गेलंय. तिला खोटं बोलायला कारणच उरलेलं नाही. तिथे गडकऱ्यांना खरी बाई दिसली नाही, देवी दिसली. तो प्रवेश पाहताना बायकांमध्ये बसून मी रडले नाही, मला राग आला.

तिसरी_घंटा

ताई, यावर पटकन उत्तर देता येणार नाही. तरी माझं वाचन वेगळं आहे. मूल गेलंय, स्वतः चाललीय, आता वाचवण्यासारखं काही नाही, तरी तिच्या तोंडून खोटंच निघतं. नवऱ्याला झाकणं हाडीमासी इतकं भिनलंय, की कारण संपलं तरी ते थांबत नाही. मला तो प्रवेश याच कारणासाठी भयंकर वाटतो. नटीने ते उदात्त स्वरात म्हटलं की सगळं बिघडतं. कोरड्या आवाजात म्हणून बघा.

उघडं_पुस्तक

म्हणजे नटीने बरोबर स्वर लावला तरच नाटक तुमच्या बाजूचं, नाहीतर माझ्या. शंभर वर्षं तो स्वर कुठला लागत आला, हे काकांनाच विचारा.

ताईंचा मुद्दा मात्र मी माझ्या लेखात घालणार आहे. बंदी कशासाठी हे माझ्यापेक्षा त्यांनी नेमकं सांगितलं.

पांढरा_कोट_नाही

मी बंदी मागितलेली नाही. माझं नाव घालून ते लिहू नका. हे नाटक नर्सिंगच्या मुलींना दाखवावं आणि पडदा पडल्यावर त्या प्रवेशावर तासभर बोलावं, असं माझं मत आहे.

गंधर्वभक्त

जबानीनंतरच्या शांततेत एकही पद नाही म्हणून तो प्रवेश पडला नाही कधी, एवढं मी पाहिलंय. तेवढ्यापुरतं दिग्दर्शकसाहेबांचं मान्य. बाकी पदांना हात लावायचा नाही.

तालीम_सात_वाजता

पुढच्या महिन्यात आमच्या तालमी परत सुरू होतायत. जबानी कोरडीच घेणार. फौजदार लिहून घेतोय, लेखणी कागदावर चालल्याचा आवाज यायला हवा आणि त्याला कळतंय की ही खोटं बोलतेय. आजवर त्या फौजदाराला आम्ही नुसता दांडा धरून उभा केला होता. ताई, तालमीला एक दिवस याल का? त्या माणसाचे डोळे कुठे असतात, ते त्या नटाला सांगायला हवं.

पांढरा_कोट_नाही

कागदावर असतात. वर बघत नाहीत. येईन मी.

उघडं_पुस्तक

मग एक करा. जबानी चालू असताना गीताला सिंधूच्या उशाशी उभी करा. एक शब्द देऊ नका हवं तर, पण ती ऐकतेय हे मागच्या रांगेतून दिसलं पाहिजे आणि त्या वेळी कुणी हसता कामा नये. एवढं केलंत तर तिकीट काढून येईन, आत्यालाही आणीन. लेख मात्र मागे घेणार नाही.