पहाटे अंधारात लपणापर्यंत जाताना बॅटरी कशी वापरावी? (काळवीट, नान्नज-मार्डी पट्टा)

कुसळी_माळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोलापूरजवळच्या नान्नज-मार्डी पट्ट्यात एका शेतकऱ्याच्या पडीक माळावर काळवीटांच्या फोटोंसाठी कापडी लपण (आत लपून बसायचा छोटा तंबू) लावलंय. मालकांची हरकत नाही. गट नंबर माळढोक अभयारण्याच्या हद्दीत येतो का, हे वनखात्याच्या कार्यालयात दाखवून लेखी परवानगीही घेतली आहे. डांबरी रस्त्यापासून लपण सव्वा किलोमीटर. आधी अर्धा किलोमीटर बैलगाडीची वाट, मग ज्वारीच्या रानाचा बांध, एक कोरडा ओढा, आणि शेवटचे तीनशे मीटर सपाट माळ. जानेवारी असल्याने सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्याआधी बरंच लवकर आत बसायचं आहे.

अडचण उजेडाची आहे. बॅटरी मारली की कळप उठतो, नाही मारली तर पाय कुठं पडतोय ते कळत नाही. पूर्ण वाट लाल लाईटवर चालावं का? किती लुमेन (उजेडाचं माप) पुरे? डोक्याची बॅटरी बरी की हातातली?

रातवा

जंगलातल्या मचाणाचे नियम माळावर लागू पडत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. जंगलात वीस-तीस मीटरवर झाडोरा उजेड अडवतो. आपल्याकडे अडवायला काही नाही. कमरेच्या वर धरलेला झोत मोकळ्या माळावर एक-दोन किलोमीटरवरूनही दिसतो. काळवीट रात्री दाट झाडीत शिरत नाही, उघड्यावरच बसतं आणि त्याची सगळी भिस्त नजरेवर आणि पळण्यावर. त्यामुळे लुमेनचा आकडा दुय्यम आहे. उजेड जमिनीपासून किती उंचीवर जातो आणि किती वेळ चालू राहतो, हे आधी बघा.

आता लाल रंगाबद्दल. काळवीट गाय-शेळीच्या कुळातलं, चितळ-सांबराच्या नाही. पण दोन्ही कुळांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्यासारख्या तीन नाहीत. एक निळ्याकडची, दुसरी हिरव्याकडची. म्हणून लाल उजेड त्यांना फार मंद दिसतो. दिसतच नाही असं मात्र नाही. दोनशे लुमेनचा लाल झोत थेट कळपावर मारला तर ती उठणारच. निळसर पांढरा सगळ्यांत वाईट, कारण स्वस्तातल्या पांढऱ्या एलईडीचा जोर नेमका निळ्या भागात असतो. 'शिकारी लाईट' म्हणून मिळणारी हिरवी बॅटरी आपल्याला छान दिसते, पण त्यांच्या डोळ्यालाही हिरवा चांगलाच कळतो. ती घेऊ नका.

लालचा दुसरा फायदा आपल्या स्वतःच्या डोळ्यांना. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एकदा पांढरा झोत डोळ्यात गेला की बरीचशी कमाई जाते. मंद लाल उजेडाने ती टिकते.

तुमच्या वाटेपुरतं सांगायचं तर बैलगाडीच्या वाटेवर १५-२० लुमेन पिवळसर पांढरा, पायापुढे दीड-दोन मीटरवर. बांध आणि ओढ्यातही तोच. ओढा चढून वर येण्याआधी थांबा, पांढरा बंद करा, पाच मिनिटं तिथंच उभे राहा. मग माळावर ५ लुमेनच्या आतला लाल. शेवटचे शंभर मीटर तोही बंद. साडेपाचला रस्ता सोडलात तर सहा-सव्वासहाला आत बसाल. पावणेसातला माणूस सहज ओळखू येतो, त्यामुळे याहून उशीर नको.

गवतमित्र

रातवा यांच्याशी एका बाबतीत असहमत. पाच मिनिटं थांबणं ठीक, पण सरळ सगळी वाट लाल लाईटवर का नको? दोन रंगांची उठाठेव कशाला? बटण दाबताना चुकून पांढरा लागला तर सगळं मुसळ केरात.

रातवा

फुरसं या विषारी सापामुळे नको. लाल उजेडात रंगाचे फरक पुसले जातात. तांबूस मुरमावर तपकिरी फुरसं पांढऱ्या उजेडात त्याच्या नागमोडी नक्षीमुळे ओळखू येतं, लालमध्ये तीच नक्षी जमिनीत मिसळून जाते. घोणस सापाच्या अंगावरच्या साखळीसारख्या नक्षीचंही तसंच. थंडीत साप कमी हिंडतात हे खरं, पण घोणस थंडीतही बाहेर असते. ओढ्यातले दगड आणि बांधावरच्या कडब्याच्या गंजी या नेमक्या त्यांच्या जागा. तिथं पांढराच उजेड हवा, मंद पण पांढरा. मोकळ्या माळावर गवत विरळ असेल तिथंच लाल. मार्च ते ऑक्टोबर तर माळावरसुद्धा दर आठ-दहा पावलांनी पांढरा एकदा पायाशी टाकून बघावा. घोट्याच्या वर येणारे बूट आणि जाड पँट हवीच. चावलाच तर वेळ न घालवता १०८ ला फोन आणि सरकारी रुग्णालय, कारण लस तिथं मिळते. तो अवयव हलवू नका, कापाकापी नाही, दोरीने आवळणं नाही.

बटण चुकण्याचा तुमचा मुद्दा मात्र अगदी बरोबर आहे. बऱ्याच हेडलॅम्पमध्ये लालपर्यंत पोचायला आधी पूर्ण ताकदीच्या पांढऱ्यातून जावं लागतं. घेतानाच बघून घ्या, लालसाठी वेगळं बटण असलेला घ्या, किंवा 'दाबून धरल्यावर लाल' असा. तसा नसेल तर दोन वेगळ्या बॅटऱ्या ठेवा. उजव्या खिशात पांढरी, डाव्यात लाल, आणि खिसे कधी बदलायचे नाहीत.

आप्पा_वडाळा

मालक, सापाचं झालं, आता विहिरीचं बघा. आपल्या भागात निम्म्या जुन्या विहिरींना कठडा नाही. बांधावरनं चालताना विहिरीचं तोंड गवतानं झाकलेलं असतंय, मंद उजेडात नुसती काळी सावली वाटतीय. शेततळ्याचं तर आणखी वाईट. प्लॅस्टिकच्या कागदावर पाय घसरला तर धड माणसाला वर येता येत नाही. म्हणून वाट आधी दिवसा दोनदा चालून बघा, एकदा जाताना अन् एकदा उलटी येताना. विहीर, तळं, बोअरचा पाईप, तारेचं कुंपण कुठं हाय ते कागदावर काढा.

कुंपणाचं नीट विचारा. हरणं अन् डुकरांसाठी बऱ्याच जणांनी झटका मशीन, म्हंजे तारेला शिवलं की विजेचा झटका देणारी, लावलेली असती. बारीक तार, गुडघ्याएवढ्या उंचीवर, अन् रात्रीच चालू ठेवतेत. त्या तारेवर लाल उजेड पडला तर काय दिसत नाही. मालकाला सांगून आत जायची जागा ठरवून घ्या, तार वलांडायची नाही.

खूण म्हणून रेडियमचे तुकडे लावा, ट्रॉलीच्या मागं लावतेत तसले. बोटाएवढे पुरेत. पांढरं रेडियम घ्या, कुठल्याबी उजेडाला परत चमकतंय. झाडाला खिळा मारू नका, दगडाखाली दाबलेल्या काडीला चिकटवा. गुडघ्याच्या खाली, अन् तुमच्या येण्याच्या बाजूला तोंड करून. वाट वळती तिथं दोन, सरळ असेल तिथं पन्नास-साठ पावलांवर एक, अन् विहिरीच्या बाजूला तीन एकत्र. तीन दिसले की थांबायचं, एवढं ध्यानात ठेवा. काम झालं की मोजून काढून आणायचे.

अजून एक. रात्रीची लाईट आली की माणसं मोटर चालू करायला बॅटरी घेऊन रानात फिरतेत. हरणाला तो हलणारा, वाटेवरचा उजेड सवयीचा असतोय. पण एका जागी थांबून इकडं-तिकडं मारलेला झोत नाही चालत. शिकारीवाले तसंच करतेत, हे जनावराला अन् गावाला दोघांनाबी माहीत हाय. पोलीस पाटलांना अन् शेजारच्या वस्तीवर आदल्या दिवशी सांगून ठेवा. नाहीतर चोर समजून चार माणसं काठ्या घेऊन येतील, अन् त्यात त्यांची काय चूक नसंल.

कुसळी_माळ

आप्पा, झटका मशीनचं डोक्यातच आलं नव्हतं. आजच मालकांना विचारतो. हेडलॅम्प की हातातली, हे राहिलं. आणि लाल कागद लावून चालतो का? लाल एलईडीची वेगळी बॅटरी सध्या नाही.

सेल_आणि_सर्किट

चालण्यासाठी हातातली. डोक्यावरच्या उजेडात सावल्या पडत नाहीत, कारण दिवा आणि डोळे एकाच रेषेत येतात. सगळी जमीन सपाट वाटते आणि खड्डा पायाखाली आल्यावरच कळतो. तोच उजेड मांडीजवळ धरला की प्रत्येक ढेकळाची लांब सावली पडते. शिवाय मान वर केली की डोक्यावरचा झोत थेट क्षितिजावर जातो, आणि चाहूल लागली की मान वर होतेच. हेडलॅम्पच वापरायचा असेल तर पट्टा कमरेला बांधा आणि दिवा खाली वळवा.

हेडलॅम्पचा एक उपयोग मात्र आहे. जनावरांच्या डोळ्यात मागे आरशासारखा पडदा असतो, आणि उजेड आपल्या डोळ्यांजवळून गेला तरच त्यांची चमक आपल्याला परत दिसते. वाटेवर बसलेल्या रातवा पक्ष्याचा डोळा निखाऱ्यासारखा लाल दिसतो, तो दिसला तर वळसा घाला. गवतात दवाच्या थेंबासारखी बारीक हिरवट चमक दिसली आणि ती जागेवरून हलली, तर तो कोळी. पण ही तपासणी गाडीवाटेवरच, जमिनीकडे बघून. माळावर डोळे शोधत झोत फिरवणं म्हणजे कळप उठवणं.

लाल कागदाचं: सोलापुरात नवी पेठेत स्टेशनरीच्या दुकानात जिलेटीन कागद मिळतो. एक थर पुरत नाही, त्यातून निळा-हिरवा गळतो. दोन-तीन थर रबराने काचेवर बसवा. तपासायला जुनी सीडी घ्या. अंधाऱ्या खोलीत सीडीच्या चमकत्या बाजूवर बॅटरी मारा. परावर्तनात लालच पट्टा दिसला तर झालं, शेजारी हिरवी-निळी कड दिसली तर आणखी एक थर. बॅटरी सगळ्यांत कमी मोडवरच ठेवा, जास्त ताकदीच्या मोडवर काच तापते आणि कागद आकसून कडेने पांढरा उजेड फुटतो.

त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा, काचेच्या पुढे चार बोटं राहील असा. बाजूला सांडणारा उजेड त्याने थांबतो. माळावर दुरून जो दिसतो तो मुख्य झोत नसतो, हाच सांडलेला उजेड असतो, त्यामुळे हा दोन मिनिटांचा उद्योग चुकवू नका.

सेलबद्दल: एका पहाटेला एक संच बॅटरीत, एक खिशात. पेन्सिल सेलवर चालणारी असेल तर रिचार्जेबल निकेल सेल बरे, साधे झिंकचे सेल महिनोन्महिने आत राहिले तर गळतात आणि स्प्रिंग खातात. १८६५० लिथियम सेल घेताना ९९०० एमएएच छापलेला घेऊ नका. त्या आकाराच्या चांगल्या सेलची खरी क्षमता ३५०० च्या आसपासच असते. उन्हाळ्यात असले सेल उन्हात उभ्या गाडीत सोडू नका. पिशवीत बॅटरी आपोआप लागू नये म्हणून मागचं झाकण पाव फेरा सैल करा. मोबाईलची लाईट वापरूच नका. तिचा उजेड चहूकडे पसरतो, आणि स्क्रीनने तुमचाच चेहरा उजळतो.

बार्शी_रोड

डांबरी रस्त्यावर उतरल्यापासून गाडीवाटेला लागेपर्यंत मात्र हे सगळं उलटं धरा. हंगामात पहाटेही उसाच्या ट्रॉल्या चालू असतात, कित्येकींना मागे दिवा नसतो आणि ड्रायव्हरला बाजूचा माणूस दिसत नाही. तिथं रेडियमचं जाकीट घाला, पांढरा उजेड पूर्ण लावा, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेने चाला. गाडीवाटेवर पन्नास पावलं आत गेल्यावर जाकीट काढून पिशवीत टाका.

तिथी पण बघून घ्या. वद्य पक्षात पहाटे चंद्र असतो. वद्य अष्टमीच्या आसपास तर तो डोक्यावर येतो आणि माळावर बॅटरीची गरजच उरत नाही. शुद्ध अष्टमीला तो मध्यरात्रीच मावळतो, त्या पहाटे पूर्ण अंधार. पहिली फेरी वद्य पक्षातच ठेवा.

कुसळी_माळ

मग वद्य सप्तमीचाच दिवस धरतो. शेवटची शंका: माळावर असताना कळप जवळच बसलेला आहे असं कळलं तर काय करायचं? पुढं जायचं की मागं फिरायचं?

रातवा

आधी उजेड बंद, आणि जागेवर खाली बसा. उभा माणूस आकाशावर दिसतो, बसलेला नाही. दहा मिनिटं थांबा. कळप शांत राहिला तर वाकून ओढ्याकडे परत जा आणि उजाडेपर्यंत काठाखालीच बसा. त्या दिवशी लपण सोडून द्यायचं. अंधारात बिथरलेला कळप सरळ रेषेत पळतो, आणि आप्पांनी सांगितलेल्या त्याच विहिरी आणि तारा त्याच्याही वाटेत असतात. कठडा नसलेल्या विहिरीत काळवीट पडण्याचे प्रकार आपल्याकडे होतात. असं कुठं दिसलं तर स्वतः आत उतरू नका, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि विहिरीचा गट नंबर सांगा.

आप्पा_वडाळा

त्या ओढ्याच्या काठावर बसायची जागा आत्ताच दिवसा ठरवून ठेवा, अन् तिथंबी रेडियमचा एक तुकडा लावा. परतीच्या बाजूला तोंड करून.