'क्षारीय द्रावण' म्हणजे नक्की कोणतं?

अनुवादे: शालेय प्रात्यक्षिकांची एक हिंदी पुस्तिका मराठीत आणायची आहे. त्यात वाक्य आहे, 'तीन परखनलियों में क्षारीय विलयन लीजिए.' कच्च्या मसुद्यात ते 'तीन परीक्षानळ्यांत क्षारीय द्रावण घ्या' असं उतरलंय. तपासणाऱ्या एकाने समासात 'मिठाचं पाणी चालेल ना?' असं लिहिलं, दुसऱ्याने 'चुन्याची निवळी घ्या'. पुढच्याच ओळीत तांबडा लिटमस निळा व्हायला हवा आहे, त्यामुळे मिठाचं पाणी घेतलं तर प्रयोग तिथेच बसला. 'क्षारीय'ला काय लिहायचं? त्याच पानावरचे 'तनु' आणि 'सांद्र' हेही सांगा.

चंचुपात्र: हिंदी पाठ्यपुस्तकांत अम्ल, क्षारक, लवण. आपल्याकडे आम्ल, आम्लारी, क्षार. म्हणजे 'आम्ल + आम्लारी → क्षार + पाणी' या अभिक्रियेत हिंदीतला 'क्षार' डाव्या बाजूला उभा असतो आणि मराठीतला उजव्या. पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला आपण 'अल्क' म्हणतो, हिंदी 'क्षार' म्हणजे तोच. तेव्हा 'आम्लारिधर्मी द्रावण' लिहा. तनु म्हणजे विरल, सांद्र म्हणजे संहत.

खरं तर विशेषण टाळून पदार्थच लिहावा: 'सोडियम हायड्रॉक्साइडचं 0.1 मोलर द्रावण, प्रत्येक नळीत 2 मिली'. त्यासाठी 4 ग्रॅम गोळ्या थोड्या ऊर्ध्वपातित पाण्यात टाकून ढवळायच्या, गरम होईल ते निवू द्यायचं, मग एकूण 1 लीटर करायचं. गोळ्या कागदावर तोलू नका, हवेतलं पाणी ओढून त्या दोन मिनिटांत ओलसर होतात आणि वजन खोटं येतं. आणि बाटलीला काचेचं बूच नको, चिकटून बसतं. प्लास्टिकची बाटली घ्या.

निरुक्त: शब्द हिंदीने बरोबर ठेवला आहे, वाट आपण चुकलो. सुश्रुतसंहितेत क्षारपाकविधी आहे. वनस्पतींची राख सहापट पाण्यात कालवायची, वारंवार गाळायची, आटवायची, त्यात भाजलेल्या चुनखडी-शिंपल्यांची पूड घालायची. ती न घालता केलेला क्षार मृदू. आजच्या भाषेत राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट आणि चुना मिळून पोटॅशियम हायड्रॉक्साइड तयार होतं, खडू तळाशी बसतो. मांस जाळणारा तो क्षार. मिठाला क्षार म्हणणं ही पाठ्यपुस्तकाची करामत आहे. 'लवण' आपलंच आहे, अळणी शब्दात ते अजून बसलेलं आहे (अलवण). परत घ्या की.

तुरटी: यादी करून बघू. टाकणखार, पापडखार, सज्जीखार, जवखार. चारही आम्लारिधर्मी द्रावण देतात, म्हणजे इथपर्यंत निरुक्तराव जिंकले. पण खारट, खारे दाणे, खारवलेली सुरमई, खारं पाणी, यांत राखेचा काय संबंध? इथे खार म्हणजे सरळ मीठ. आणि मोरचूद, हिराकस, तुरटी, सोरा, नवसागर यांच्या नावांत खारही नाही, लोणही नाही, तरी सगळे क्षारच. मराठी माणसाने 'खार' दोन्हीकडे वापरला आहे. पुस्तकवाल्यांनी त्यातली एक बाजू उचलली, एवढंच.

निरुक्त: रूढी म्हणजे प्रमाण नव्हे.

तुरटी: मग 'मीठ' सोडा आधी. ते 'मिष्ट'वरून आलं, म्हणजे गोड! गुजरातीतही मीठुं म्हणजे मीठ आणि मीठुं म्हणजे गोड. अर्थ उलटा झाला म्हणून कुणी ताटात वाढायचं थांबलं नाही.

चंचुपात्र: वर्गात खरी अडचण व्युत्पत्तीची नसते. मुलं धरून चालतात की आम्ल अधिक आम्लारी म्हणजे क्षार, म्हणजे क्षार उदासीन. 0.1 मोलर द्रावणांचे सामू (pH) बघा: मीठ 7च्या आसपास, नवसागर सुमारे 5.1, खाण्याचा सोडा 8.3, धुण्याचा सोडा 11.6. चारही क्षार. कार्बोनेट आयन पाण्याकडून हायड्रोजन आयन घेतो, मागे हायड्रॉक्साइड उरतो, म्हणून सोड्याचं द्रावण आम्लारिधर्मी. नवसागरातला अमोनियम आयन उलट करतो. खाण्याच्या सोड्यात तांबडा लिटमस जेमतेम जांभळट होतो, कारण लिटमसचा बदलच साधारण 4.5 ते 8.3 या पट्ट्यात होतो. तिथे वैश्विक दर्शक द्यावा. मुद्दा असा की 'आम्लारी' ही जात आणि 'आम्लारिधर्मी' हा द्रावणाचा गुण, ही फोड मराठीत स्वच्छ आहे. 'क्षारीय' लिहिलंत की ती बुडाली.

गाळणकागद: पुस्तिकेत 'मिठाचे रेणू पाण्यात फुटून आयन होतात' असं वाक्य असेल तर तेही काढा. मिठात रेणू नसतात. घन स्फटिकात सोडियम आणि क्लोराइड आयनच रचलेले असतात, पाणी त्यांना फक्त सुटं करतं. ते विचरण. हायड्रोजन क्लोराइड वायू पाण्यात गेल्यावर आयन नव्याने तयार होतात, ते आयनीभवन. बल्ब लावून दाखवायचं तर कोरडं मीठ, साखरेचं पाणी, मिठाचं पाणी या क्रमाने दाखवा. नळाचं पाणी वापरलं तर साखरेच्या पाण्यातही एलईडी मिणमिणतो आणि मुलं भलताच निष्कर्ष काढतात.

आणि 'वितळवा' की 'विरघळवा' हेही एकदा तपासा. मीठ वितळवायला 801 अंश सेल्सिअस लागतात.

अनुवादे: 'वितळवा' तीन ठिकाणी आहे, दुरुस्त करते. मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) 0.1 मोलर द्रावणही आहे, '1.6 ग्रॅम, 100 मिली'. बरोबर ना?

गाळणकागद: चूक. 1.6 ग्रॅम हा हिशेब पांढऱ्या निर्जल पुडीचा. शाळेत असतात निळे स्फटिक, त्यांत पाण्याचे पाच रेणू आणि सूत्रवस्तुमान 249.7, म्हणून 2.5 ग्रॅम. निळे 1.6 घेतले तर द्रावण 0.064 मोलर होतं. '100 मिली पाण्यात' असंही नको, 'पाणी घालून एकूण 100 मिली करा' लिहा. इतक्या विरल द्रावणात फरक नगण्य, पण 36 ग्रॅम मीठ 100 मिली पाण्यात विरघळवलं की घनफळ 110 मिलीच्या पुढे जातं. बोअरचं पाणी घेतलं तर मोरचुदाचं द्रावण गढुळतं, आम्लारिधर्मी कॉपर कार्बोनेटचा निळसर साका धरतो.

वाफसा: क्षार शब्दाचा घोळ शाळेत एका गुणाचा असेल, रानात पैशांचा आहे. 'क्षारपड' हा शब्द दोन वेगळ्या रोगांना सरसकट लावतात. क्षारयुक्त जमिनीत विद्राव्य क्षार जास्त, विद्युत वाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर, सामू 8.5 च्या आत, उन्हाळ्यात वर पांढरा थर. चोपण जमिनीत वाहकता कमी पण मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम 15 टक्क्यांहून जास्त, सामू 8.5 च्या वर, भिजली की चिकट, वाळली की दगड. जिप्सम चोपणला. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि सुटलेलं सोडियम सल्फेट पाण्याबरोबर खाली जातं. नुसत्या क्षारयुक्त रानात जिप्सम टाकणं म्हणजे क्षारात क्षाराची भर. तिथे चर काढून निचरा आणि गोड्या पाण्याने धुणं, एवढंच. माती परीक्षणाच्या कागदावर तिन्ही आकडे असतात. शब्द बघू नका, आकडे बघा.

निरुक्त: बघा, इथेही उच्च सामूच्या जमिनीला क्षारीय म्हटलं असतं तर...

वाफसा: तिला लोक आधीपासून चोपण म्हणतात. तुमच्या परवानगीसाठी थांबले नव्हते.

तुरटी: मोरचूद हे मयूरतुत्थ, हे निरुक्तराव मान्य करतील. गुजराती मोरथूथूं त्याचाच भाऊ. पण लोणी लवणातून आलं असं इथे कुणी म्हणायच्या आत सांगतो, ते नवनीत. लोणचं मात्र लवणाचंच.

अनुवादे: माझं 'क्षारीय' राहिलं बाजूला. 'आम्लारिधर्मी' सातवीच्या मुलांना जड जातं असं वरून कळवलंय. तिथे सरळ 'चुन्याची निवळी' छापू का?

चंचुपात्र: छापा. सामू 12च्या वर, लिटमस लगेच निळा. फक्त कृती द्या: चमचाभर विरलेला चुना लीटरभर पाण्यात हलवून रात्रभर ठेवा, वरचं पाणी न हलवता ओता, गाळा, बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करा. अर्धी रिकामी ठेवली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर साय धरते आणि द्रावण रोज फिकं होत जातं. डोळ्यात उडू नये ही सूचना ठळक.

निरुक्त: 'निवळी' नको, 'निवळ' म्हणा. निवळी हे झाड आहे, त्याच्या बिया उगाळून गढूळ पाण्यात टाकतात.

तुरटी: बियांनी जे निवळतं तेही निवळच, आणि चुन्यावरचं पाणी निवळी. दोन्हींच्या मुळाशी निर्मल. आता निवळीच्या बिया तुरटीसारख्या कणांचे पुंजके करतात की नुसत्या बुळबुळीने, यावर गाळणकागद यांनी बोलावं.