विश्वकोशाचे खंड ठेवू की देऊन टाकू?

महालच्या_काकू
नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर सोडून आम्ही मनीषनगरला फ्लॅटमध्ये जाऊन राहिलो. सासऱ्यांनी जमवलेले मराठी विश्वकोशाचे खंड माळ्यावर आहेत, पहिला १९७६ चा. पोरगा म्हणतो, "आई, सगळे खंड नेटवर फुकट आहेत, दे रद्दीत." आहेत खरे.

पण मागे पुतणीने शाळेच्या प्रकल्पात गडचिरोली चंद्रपूर जिल्ह्यात टाकून दिला. फोनवर विश्वकोशात वाचलं म्हणे. विश्वकोशाचा काय दोष? १९८२ पर्यंत गडचिरोली चंद्रपुरातच होता. माळ्यावरचा खंड हाती घेतला असता तर पिवळी पानं पाहूनच पोरीने छपाईचं साल शोधलं असतं. स्क्रीनवर तेव्हाचा मजकूर अन् कालचा, दोन्ही सारखेच पांढरेशुभ्र. तुम्हाला काय वाटतं?

धंतोलीचा_म्हातारा
द्या हो देऊन. मोतीबिंदूनंतर मी फोनवरच वाचतो, दोन बोटांनी अक्षर मोठं करून. तो खंड छातीवर ठेवून लोळत वाचता येते काय?

अभ्यासिका_कोपरा
काकू, मी राज्यसेवेचा अभ्यास करून राहिलो. २०१८ मध्ये जुने ५४ अभ्यास एकत्र तपासले होते, वाचक एक लाख सत्तर हजारांवर. माहितीपर मजकूर कागदावर जास्त समजतो, वेळेचं बंधन असलं की फरक आणखी वाढतो, असं निघालं. गोष्टी-कथांमध्ये फरक नाही. आमच्या अभ्यासिकेत सांगितलं तर पीडीएफवाले हसले. पण विश्वकोश कोणी सलग वाचत नाही, एक नोंद पाहून मिटतो. तेवढ्यासाठी नेट पुरतं, फक्त साल पाहायची सवय हवी.

बर्डीवाला
ठेवायचेच असतील तर कूलरच्या खोलीत नका ठेवू. दमट हवेने पानं चिकटतात, मग कसर लागते. माझ्या वडिलांच्या पुस्तकांचं तेच झालं.

महालच्या_काकू
@धंतोलीचा_म्हातारा, सासरे पाटावर खंड ठेवून वाचायचे, लोळत नाही! 😄

ठरवलं. नागपूर, चंद्रपूर, भंडारा ज्यांत आहेत तेवढे खंड ठेवते. गोंदिया भंडाऱ्यात होता तेव्हाचं वर्णन आहे त्यात, ते आता नवीन कोण लिहिणार? बाकीचे ज्याला पाहिजे त्याने घेऊन जा, फुकट. वाचनालयात विचारलं, जागा नाही म्हणाले. जिना अरुंद आहे, दोन माणसं आणा अन् उन्हं तापायच्या आत या.