सासरच्या माणसांना घेऊन परत श्रीलंका: मे महिना, सात जणं, कसं जमवायचं?

फोंड्याचो_पाव:

नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा, बायको डिचोलीची. २०१८ च्या फेब्रुवारीत, लग्नाआधी, आम्ही चार मित्र श्रीलंकेत बारा दिवस भटकून आलो. पाठीला बॅग, बस-ट्रेन मिळेल ती, श्रीपादाचा डोंगर मध्यरात्री चढायला घेतला आणि वर सूर्योदय बघितला, मिरिसाला बोटीतून देवमासा, एल्लाला त्या नऊ कमानींच्या पुलाजवळ दोन तास नुसते बसून राहिलो. लग्न झाल्यापासून मी काही ना काही निमित्त काढून हे घरात सांगत आलोय आणि आता ते माझ्याच अंगावर शेकलंय. सासरे निवृत्त झाले आणि चवथीला जेवताना म्हणाले, "जावयबापू एवढं सांगतात तर एकदा बघून येऊया". मी मोदक गिळला आणि "हो हो" म्हटलं.

आता माणसं बघा. सासरे, सासूबाई, मेहुणी, साडू, त्यांची नऊ वर्षांची पोरगी, बायको आणि मी. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सोमवार आणि गुरुवार शिवराक, म्हणजे शाकाहारी. सासऱ्यांना संध्याकाळी एक पेग लागतो, दोन नाही, पण एक लागतोच. साडू आयटीवाला, त्याला सगळं एक्सेलमध्ये पाहिजे, त्याने आत्ताच शीट शेअर केलीय आणि त्यात माझ्या नावापुढे "गाईड" असं लिहिलंय. पोरीला हत्ती पाहिजेत. सुट्टी फक्त मेमध्ये, दहा दिवस.

हवामान, रूट, गाडी यावर सांगा. पण खरी भीती वेगळीच आहे. मला जे आवडलं ते ह्या लोकांना बोअर झालं तर? आणि मधे २०१९ चे ईस्टरचे स्फोट, मग २०२२ ची पेट्रोल-गॅसची टंचाई, एवढं सगळं होऊन गेलंय, तो देश मी बघितला तसा राहिलाय का हे पण माहीत नाही. बायको म्हणते, तू तिकडे तोंड वाकडं करून बसणार असशील तर आपण सरळ महाबळेश्वरला जाऊ.

मडगांवची_मावशी:

पहिली गोष्ट, मिरिसा आणि गाल्ल डोक्यातून काढून टाका. तुम्ही फेब्रुवारीत गेलात म्हणून समुद्र शांत होता. मेमध्ये नैऋत्य मान्सून तिकडे आपल्याआधी पोचतो, दक्षिण आणि पश्चिम किनारा खवळलेला असतो आणि देवमाशांच्या बोटींचा सीझन एप्रिलपर्यंतच. पण त्याच वेळी पूर्व किनारा छान असतो. त्रिंकोमालीला जा, निलावेलीचा बीच. पाणी उथळ आणि शांत, पोरीला सोडून निवांत बसता येतं. ऊन मात्र आपल्या मेसारखंच, त्यात काही सुटका नाही.

मी तुमच्या जागी असते तर उतरल्यावर पहिली रात्र निगोंबोला काढली असती, विमानतळाजवळच आहे, उगाच पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या माणसांना पाच तास गाडीत बसवायचं नाही. मग सिगिरियाच्या आसपास तीन रात्री, तिथून त्रिंकोमाली तीन, मग कँडी दोन आणि परत. नुवारा एलिया कँडीतून करता येतं पण घाट आहे, ज्यांना गाडी लागते त्यांची चौकशी आधी करून ठेवा, आमच्याकडे ती चौकशी घाटात झाली. जमलं तर एक रात्र तिकडे काढाच. १८०० मीटरच्या वर आहे, स्वेटर लागतो, आणि जवळच सीता एलियाचं सीतेचं देऊळ आहे, बाजूने ओढा वाहतो. सासूबाई तिथे तुमच्या नऊ कमानींपेक्षा जास्त वेळ बसतील, लिहून देते.

सिगिरियाला बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. सासूबाईंना खालच्या बागांपर्यंत न्या, तेवढं पण सुंदर आहे, वर तुम्ही नि साडू जा. सकाळी सातला, नंतर दगड तापतो. पासपोर्ट बरोबर ठेवा, सार्क देशांच्या लोकांना तिकीट स्वस्त पडतं. हत्तींसाठी तिथूनच मिन्नेरिया, कौडुल्ला, हुरुलु अशी तीन जंगलं जवळ आहेत, त्या दिवसात हत्ती ज्या बाजूला असतील तिकडे जीपवाले नेतात.

गाडी म्हणजे ड्रायव्हरसकट व्हॅन घ्या, तिकडे केडीएच म्हणतात तिला, सात माणसं बॅगांसकट आरामात बसतात. ड्रायव्हरच्या राहण्याची सोय बरीच हॉटेलं करतात पण बुकिंग करताना विचारून घ्या. आणि ट्रेनचा हट्ट असेल तर आधी चालू आहे का बघा. २०२५ च्या नोव्हेंबरात दित्वा वादळात डोंगरात खूप दरडी कोसळल्या आणि रेल्वेलाईनची वाट लागली होती.

खाजनवाला:

एक प्रामाणिक प्रश्न. घराच्या मागे माड, समोर माड, अर्ध्या तासावर दर्या, मेमध्ये घामाच्या धारा, आणि गोंयकार पैसे खर्चून जातो कुठे तर जिथे माड, दर्या आणि घाम आहे तिथे. त्यात शीत आणि नारळाची कढी. सिमल्याला जा की बाबा.

फोंड्याचो_पाव:

@खाजनवाला अगदी हेच साडू म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

@मावशी खूप खूप आभार, शीटमध्ये तुमचा रूट टाकला. मिरिसा काढताना जरा जिवावर आलं. श्रीपाद पण जमणार नाही ना?

मडगांवची_मावशी:

बाब, साडेपाच हजार पायऱ्या आहेत म्हणतात. सासूबाईंना डोलीत घालून नेणार आहात का? आणि सीझन वैशाख पौर्णिमेला संपतो, त्यानंतर वाटेवरचे दिवे आणि चहाची दुकानं पण नसतात.

दर्यावेळ:

मी दुसऱ्या बाजूने सांगते कारण मी त्या केडीएचमधली सासरची माणूस होते, फक्त देश थायलंड होता. माझा नवरा कामानिमित्त तिकडे वर्षभर राहिलेला, लग्नानंतर तीन वर्षांनी माझ्या आईबाबांना आणि भावाच्या कुटुंबाला घेऊन गेला. उतरल्यापासून सुरू. "मागच्या वेळी इथे एक आजी नूडल्स विकायची", "मागच्या वेळी ही गल्ली एवढी गर्दीची नव्हती", "मागच्या वेळी मी हे निम्म्या पैशात केलं". माझ्या भाच्याने दुसऱ्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली, वहीत रेघा ओढून. चौथ्या दिवशी रात्री जेवताना त्याने जाहीर केलं, एकेचाळीस. सगळे हसले, नवरा पण हसला, पण मग माझी आई म्हणाली, "मग तेव्हाच आणायचं होतं आम्हाला", आणि ती मस्करीत म्हणाली नव्हती.

ती आजीची नूडल्सची गाडी शोधायला आम्ही भर दुपारी दीड तास चाललो. गाडी नव्हती. तिथे मोबाईल कव्हरचं दुकान होतं. बाबांनी तिथून एक कव्हर घेतलं, हिरवं, अजून वापरतात, आणि कोणी विचारलं तर सांगतात की जावयाने खास तिथे नेलं होतं.

तर माझं एवढंच म्हणणं की जुन्या जागांपैकी एखादीच ठेव, तिथे पण एकटा जा, बाकी सगळं तुझ्यासाठी पण नवीन असू दे. मावशीने दिलेला रूट त्या दृष्टीने भारी आहे, त्रिंकोमालीला तू गेलेला नाहीस ना? मग तिथे तू पण त्यांच्यासारखाच हरवलेला असशील.

आणि शीटमधलं ते "गाईड" आजच काढ.

जुनेंगोंय:

खाजनवाल्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणून लिहितोय. गोंयकाराला श्रीलंकेत जे दिसतं ते दिल्लीवाल्याला दिसत नाही. पोर्तुगीज तिकडे १५०५ ला पोचले, म्हणजे गोवा घ्यायच्या पाच वर्षं आधी, आणि पुढे तिकडचा कारभार गोव्यातल्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चालायचा. १६५० च्या दशकात डचांनी त्यांना हुसकावलं, पण शब्द राहिले. खिडकीला तिकडे सिंहलीत जनेलय म्हणतात. आपलं जनेल. बुटाला सपात्तु. पावाला पान. आणि तो पान विकायला रिक्षा येते, स्पीकरवर बीथोवेनची धून वाजवत, सकाळी आपल्याकडे पोदेर म्हणजे पाववाला सायकलवरून पों पों करत येतो ना तसंच. तुमच्या आयडीकडे बघता ती रिक्षा तुम्ही २०१८ ला चुकवली नसणार.

कँडीला दळदा मालिगावात बुद्धाचा दात आहे. १५६० मध्ये पोर्तुगीजांनी जाफन्यावर स्वारी केली, तिथून एक दात उचलला आणि गोव्यात आणला. पेगूचा म्हणजे ब्रह्मदेशाचा राजा त्यासाठी प्रचंड पैसा द्यायला तयार होता पण आर्चबिशपने तो दात उखळात कुटून जाळून टाकला, अशी हकीकत आहे. सिंहली लोक म्हणतात की खरा दात त्यांच्या हाती लागलाच नाही. आता त्या देवळात फोंड्याचा माणूस रांगेत उभा राहून डोकावतोय यात मला तरी मजा वाटते. गुडघे आणि खांदे झाकलेले पाहिजेत, आणि मूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका, तिकडे ते फार मनाला लावून घेतात.

त्रिंकोमालीला कड्यावर कोणेश्वराचं देऊळ आहे, शंकराचं. जुनं देऊळ पोर्तुगीजांनी १६२२ च्या सुमारास पाडलं, दगड किल्ल्याला वापरले, आताचं देऊळ गेल्या शतकात परत बांधलेलं. ही गोष्ट फोंडेकरांना वेगळी सांगायला नको. मंगेशी कुठ्ठाळीहून प्रियोळला आली ती १५६० ला, म्हणजे तो दात आणला त्याच सुमारास. फरक एवढाच की आपले देव रातोरात नदी ओलांडून अंत्रुजात म्हणजे फोंड्याकडे येऊ शकले, तिथे मागे समुद्र होता.

आणि एक. बाणावलीला १६५१ मध्ये जन्मलेले जुझे वाझ पाद्री १६८७ ला तिकडे गेले, डचांच्या राज्यात कॅथलिकांवर बंदी असताना वेषांतर करून, आणि १७११ ला कँडीतच वारले. देवीच्या साथीत रोग्यांची सेवा केली म्हणून कँडीच्या बौद्ध राजाने पण त्यांना मान दिला. २०१५ मध्ये पोपनी त्यांना कोलंबोत संत जाहीर केलं. निगोंबोला कुठल्याही चर्चच्या दारात "मी गोव्याचा" म्हणून बघा, पहिला प्रश्न त्यांच्यावरूनच येतो. मला तर चहा मिळाला होता.

खाजनवाला:

बरं बाबा. सिमला मागे घेतो.

शीतकडी_फॉरएव्हर:

सगळे इतिहास भूगोल सांगून मोकळे झाले, जेवणाचं कोण बघणार. महत्त्वाचं आधी: तिकडे शिवराक म्हणून जे मिळतं त्यात उंबलकड असू शकतं. ते सुकवलेल्या माशाचे तुकडे असतात, पोल सांबोलमध्ये म्हणजे खोबऱ्याच्या चटणीत कुटून घालतात, भाजीत पण घालतात, आणि त्यांच्या हिशोबाने तो मासा नव्हेच, तो मसाला. त्यामुळे सोमवारी नुसतं व्हेज म्हणू नका, "उंबलकड नको" असं नाव घेऊन सांगा. फणसाच्या कोवळ्या गऱ्यांची करी, परिप्पु म्हणजे मसूर डाळ, आणि आप्पं, सासूबाई उपाशी राहणार नाहीत. बाकीच्या दिवशी अंबुल थियल खाऊ घाला. मासा गोरक्यात शिजवतात, गोरका म्हणजे आपल्या सोलांचा भाऊबंद, पण काळा. घास तोंडात गेल्यावर त्या काही बोलणार नाहीत, दुसऱ्यांदा वाढून घेतील. म्हशीचं दही आणि वर किथुलची काकवी, तो किथुल म्हणजे भेरली माड. बिबिक्कन नावाचा नारळाचा केक मिळतो. नाव ऐकून आपला थरांचा बेबिंक केक समजू नका, ह्यात थर नसतात, पण वाईट नाही.

आता सासऱ्यांचा पेग. तिकडे दर पौर्णिमेला सुट्टी असते, पोया म्हणतात, त्या दिवशी दारू विकत नाहीत, दुकानं बंद, हॉटेलात पण देत नाहीत. आणि मेमधली पौर्णिमा म्हणजे वेसाक, आपली वैशाख पौर्णिमा, वर्षातली सगळ्यात मोठी, तेव्हा दोन दिवस कडकडीत. तारखा बघून साठा करा नाहीतर गोंयच्या माणसाला दोन दिवस नारळपाण्यावर ठेवल्याचं पाप तुमच्या माथी. पण वेसाकला तिकडे असाल तर नशीबवान आहात, रस्त्यारस्त्यावर कागदी कंदील आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण, ते मांडव असतात त्यांना दनसल म्हणतात. सासरे तेवढ्यावर कदाचित माफ करतील.

फोंड्याचो_पाव:

मंडळी, काल रविवारी डिचोलीला जाऊन आलो, सगळे प्रिंट काढून नेले. रूट मावशींचाच ठरला, एक रात्र नुवारा एलिया धरून. थेट विमान मला मिळालं नाही, मोपा विमानतळावरून बंगळूर आणि तिकडून कोलंबो असं जमतंय, साडू तिथेच आम्हाला गाठणार. व्हिसाचं काम त्याच्याकडे दिलं, सरकारी साइटवरूनच करायचं असं बजावून. शीटमध्ये माझ्या नावापुढे आता "पाणी आणि गोळ्या" आहे.

सासऱ्यांनी पोर्तुगीजांचा भाग दोनदा वाचला. मंगेशी आमचं कुलदैवत, त्यामुळे कोणेश्वराला अभिषेक करता येईल का ते विचारलंय, कुणाला माहीत असेल तर सांगा. वेसाकच्या दोन दिवसांवर मात्र घरात अजून चर्चा चालू आहे. साठा किती न्यायचा यावर साडूने वेगळं शीट काढलं.

भाचीने वही घेतलीय. मी घरी बसून नुसतं "मागच्या" एवढं म्हटलं तर तिने एक रेघ ओढली. @दर्यावेळ हे तुमच्यामुळे, बायकोने तिला वाचून दाखवलं.

आणि सासूबाई इतका वेळ गप्प होत्या, निघताना दारात मला म्हणाल्या, "ते सगळं बरं आहे, तिकडे नारळ कितीला पडतो ते विचार". कोणी सांगेल का?

शीतकडी_फॉरएव्हर:

त्यांना पिवळा नारळ द्या, थंबिली म्हणतात, रस्त्यावर घडच्या घड लटकवून विकतात. भाव त्या स्वतः करतील, तुम्ही मधे पडू नका.