घावणे पाहुण्यांचे, पेज रोजची

कुडाळवाला: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'कोकणी सकाळ म्हणजे जाळीदार घावणे आणि नारळाचा रस, पेज आजाऱ्याने खावी.' वाचून डोकं फिरलं. घावन-घाटलं गौरीला, घावणे-रस पाहुणे आले तर. एरवी चुलीवर चढायची ती उकड्या तांदळाची पेज. नांगरणीच्या दिवसांत नऊ-दहाला बांधावर बसून तीच जेवायचो. सोबत खोबऱ्याची कातळी, लोणच्याची फोड, नाहीतर निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. भात सालासकट उकडला की कोंड्यातलं सत्त्व दाण्यात उतरतं. त्या बळावर दुपारपर्यंत जोत धरता यायचं. असल्या अन्नाला आजाऱ्याचं म्हणता?

राजापूरची माहेरवाशीण: दादा, कुडाळ म्हणजे अख्खं कोकण नव्हे. आमच्याकडे सकाळी मऊभात, वर मेतकूट आणि घरचं तूप. आजी भावंडांना ओळीने बसवून वाढायची. पेज गड्यांसाठी शिजायची.

कुडाळवाला: ताई, ते गडी म्हणजे आम्हीच. तुमच्या पडवीत बसून पेज जेवलेल्यांची नातवंडं आता इथे लिहितात. घरात शिजत होती ना? मग ती कोकणाची नाही कशी?

अलिबागकर: आमच्याकडे दोन्ही नाही. तांदळाची भाकरी आणि रात्रीचं कालवण. दडपे पोहे करायचे तर अलिबागचा पांढरा कांदाच हवा. 2022 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही.

देवरुखचा: तुम्ही सगळे तांदळावरच अडलात. आमच्या आईने आम्हाला नाचणीच्या भाकरीवर वाढवलं. ती नाचणी गेली कुठे? 1990 पासून रोजगार हमीतून फळबागांना अनुदान मिळालं आणि वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर काजू-कलमं उभी राहिली. नाचणी, वरी, कुळीथ तिथलीच पिकं. डोंगर गेला तशी ताटातली भाकरी गेली.

काजूवाला, सावंतवाडी: त्याच काजूवर माझी बहीण नर्स झाली. नाचणीवर फी भरली असती काय? डोंगरउतारावर नाचणीची लावणी करून बघा, कंबर मोडते. वर रानडुकरं आणि माकडं. मुंबईत बसून आमच्या बागांना नावं ठेवू नका.

देवरुखचा: मी गावातच राहतो. माझीही कलमं आहेत. काजू लावू नका असं म्हटलेलंच नाही. बांधाकडेची दोन गुंठे तरी नाचणीला ठेवा, एवढंच म्हणतोय. आज मुलांसाठी नाचणी बाजारातून आणावी लागते, याची लाज वाटते मला.

काजूवाला, सावंतवाडी: दोन गुंठ्यांचं बोलताय तर ठीक. राखायला माणूस तुम्ही पाठवा.

राजापूरची माहेरवाशीण: कुडाळवाले, पेज मेहनतीचं अन्न, हे मान्य. पण उकड्याचा वास आमच्या घरात कुणाला सोसत नाही, आणि मऊभातही आजाऱ्याचा नव्हे.

कुडाळवाला: वास सोसू नका. पण 'गड्यांसाठी' हा शब्द मला अजून बोचतोय.