व्हॅलेटाला अर्धा दिवस? नका करू असं!

माल्टात शनिवार-रविवार अशा दोन दिवसांत एम्डिना हे जुनं शहर, गोझो बेट आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात व्हॅलेटा, हा तुमचा बेत मला अजिबात पटला नाही. गोझो पुढच्या खेपेला ठेवा. माल्टाची ही राजधानी एक चौरस किलोमीटरही नाही, पण १५६६ साली वसवलेलं हे शहर पायीच बघावं असं आहे. सरळसोट उताराच्या गल्ल्या, टोकाला निळं पाणी, वर रंगीत लाकडी बंदिस्त सज्जे.

सेंट जॉन्स को-कॅथेड्रल हे मोठं चर्च शनिवारी सकाळीच उरका, रविवारी ते पर्यटकांना बंद असतं. आत इटालियन चित्रकार काराव्हाजोचं १६०८ चं, संत जॉनच्या शिरच्छेदाचं भलंमोठं चित्र आहे. चित्रात खाली सांडलेल्या रक्तातच त्याने सही केलीय, ती जवळ जाऊन शोधाच. पायाखालची फरशी म्हणजे सेंट जॉन या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या सरदारांच्या संगमरवरी थडग्यांचे दगड, म्हणून टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत.

बाराच्या आत अप्पर बराक्का बागेत पोचा. ठोक्याला तोफ उडते. मग लिफ्टने धक्क्यावर उतरून फेरीबोटीने बंदरापलीकडच्या बिर्गू या जुन्या गावाकडे जा. बंदराची तटबंदी पाण्यातूनच नीट कळते. आणि मुक्काम कृपया व्हॅलेटातच करा, संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर खरी मजा!