मदत हवी आहे: फुटपाथवर सरकारी परवान्याच्या गाड्या, तक्रार नेमकी कुठे करू?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यूयॉर्कला, क्वीन्समध्ये राहतो. घरापासून दोन ब्लॉकवर एक सरकारी कार्यालय आहे (कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही). तिथल्या लोकांच्या खासगी गाड्या सकाळी साडेसातपासून थेट फुटपाथवर चढवलेल्या असतात. ओळीने सहा-सात. काचेमागे पार्किंगचा परवाना, इथल्या भाषेत प्लॅकार्ड. तोही सगळ्यांकडे नसतो. एका गाडीत डॅशबोर्डवर नुसतं पोपटी सेफ्टी जॅकेट पसरलेलं, दुसरीत परवान्याची झेरॉक्स, आणि बरोब्बर तारखेवर कॉफीचा नॅपकिन!

सासूबाई सध्या इथे आल्यात. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालतात. माझ्याकडे बाबागाडी. दोघींना रस्त्यात उतरून जावं लागतं. परवा वॉकरचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं आणि मागे बस हॉर्न देत उभी. घरी आल्यावर म्हणाल्या, "एवढं विमानाने आले, आणि हे तर आपल्या ठाण्यासारखंच निघालं गं."

परवाना असला तरी फुटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, बस स्टॉप, हायड्रंट (आगीच्या बंबासाठीचा रस्त्यावरचा नळ) इथे गाडी लावता येत नाही, एवढं मला माहीत आहे. हायड्रंटपाशी लावली म्हणून आम्ही स्वतः 115 डॉलर भरलेत. (पंधरा फूट सोडले होते, असं नवरा अजून म्हणतो.)

311 वर, म्हणजे शहराच्या तक्रार हेल्पलाइनवर, परवान्याच्या गैरवापराची तक्रार करायची वेगळी सोयच आहे. तीन आठवड्यांत नऊ केल्या, फोटोसकट. त्या जातात जवळच्या पोलीस ठाण्याकडे, आणि अर्ध्या-पाऊण तासात उत्तर येतं की पाहणी केली, उल्लंघन आढळलं नाही. एकदा तर मी समोरच्याच दुकानात बसून होते. कुणी फिरकलं नाही आणि तक्रार बंद.

दुखणं जुनं दिसतंय. तेव्हाचे महापौर ब्लूमबर्ग यांनी 2008 मध्ये शाळाखात्याचे परवाने 63 हजारांवरून 11 हजारांवर आणले होते. 2017 मध्ये नंतरचे महापौर डि ब्लासिओ यांनी ते पुन्हा 50 हजारांवर नेले, जागा मात्र वाढल्या नाहीत. 2024 मध्ये शहराच्याच तपास खात्याने अहवालात लिहिलं की पोलीस नीट कारवाई करत नाहीत. करतील कशी, परवाने त्यांच्याकडेही आहेतच की!

तर आता 311 च्या पलीकडे कुठे जायचं? आणि नाव देऊन तक्रार केल्याचा कुणाला त्रास झालाय का? आमच्या ग्रीन कार्डाचं काम चालू आहे, नवरा म्हणतो उगाच पोलिसांशी पंगा नको. मी नऊही वेळा नाव दिलंय.

– क्वीन्सची_सून

जर्सीचा_आप्पा: ग्रीन कार्डाचा याच्याशी काही संबंध नाही, पण भीती वाटत असेल तर 311 वर निनावी करता येते. दहावी मात्र करत बसू नका. नऊ तक्रारींचे क्रमांक छापून घ्या आणि तुमच्या भागाच्या नगरसेवकाच्या ऑफिसात जा. एक प्रत तपास खात्याला, तिथे नागरिक थेट तक्रार करू शकतात. फोटोत नंबरप्लेट, परवाना आणि फुटपाथ एकत्र दिसू द्या, नाहीतर "गाडी दुसरीकडे होती" म्हणतात. शिवाय पोलीस ठाण्यांची नागरिकांबरोबर महिन्याला बैठक असते. तिथे सासूबाईंना वॉकरसकट न्या.

घाटावरची: आप्पा +1. आणि वेळ लिहून ठेवा, तक्रार कधी केली, बंद कधी झाली. तुम्ही समोर बसून पाहिलंत ते तर सगळ्यात आधी सांगा.

क्वीन्सची_सून: दोघांनाही खूप धन्यवाद! फोटो पुन्हा काढावे लागणार, माझ्या अर्ध्या फोटोंत परवानाच दिसत नाही, काचेवर माझंच प्रतिबिंब. सासूबाई बैठकीला एका पायावर तयार आहेत (दुसरा अजून दुखतोय). तिथे बोलायला आधी नाव नोंदवावं लागतं का? कुणी गेलंय?